ट्रान्स कैदी कुठे ठेवायचे? आधी फाइल तरी उघडा

ट्रान्स बायकांना, म्हणजे जन्मताना मुलगा म्हणून नोंद झालेल्या पण स्वतःला बाई मानणाऱ्यांना, बायकांच्या तुरुंगात ठेवावं का, हा विषय निघाला की लगेच दोन पार्ट्या पडतात आणि मला दोन्हीकडच्यांचा राग येतो, कारण आत प्रत्यक्ष राहणाऱ्या बायका, मग त्या ट्रान्स असोत नाहीतर नसोत, कुणाच्या डोळ्यासमोरच नसतात.

इंग्लंडमधली कॅरेन व्हाइटची केस घ्या. लहान मुलावर लैंगिक अत्याचार केल्याबद्दल आधी शिक्षा झालेली ही ट्रान्स कैदी 2017 मध्ये वेकफिल्डजवळच्या न्यू हॉल या बायकांच्या तुरुंगात गेली आणि तिथे तिने दोन कैदी बायकांवर लैंगिक अत्याचार केले. 2018 ला जन्मठेप झाली, आणि तुरुंग खात्याने माफी मागितली की तिला तिथे पाठवताना जुने गुन्हे विचारात घेतलेच नव्हते. अरे, मग बघितलं तरी काय? त्या दोघी तिथून उठून कुठे जाणार होत्या, तुरुंगच तो. म्हणून घाबरणाऱ्या बायकांना द्वेष करणाऱ्या ठरवून गप्प बसवणं मला अजिबात पटत नाही, त्यातल्या कितीतरी जणी आधीच घरची मारहाण, अत्याचार सोसून आलेल्या असतात.

पण सगळ्यांना सरसकट पुरुषांच्या तुरुंगात टाका म्हणणारे डी फार्मरचं नाव कधी काढत नाहीत. अमेरिकेत 1989 ला या ट्रान्स बाईला टेरे होटच्या पुरुषांच्या फेडरल तुरुंगात हलवलं, आणि बाकी कैद्यांमध्ये सोडल्यावर दोन आठवड्यांच्या आत तिच्याच कोठडीत आपल्याला मारहाण करून बलात्कार झाला असं तिने कोर्टात सांगितलं. दावा तिने स्वतःच लावला होता. तो सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि 1994 मध्ये कोर्टाने एकमताने तिची केस जिवंत ठेवली, कैद्याला गंभीर इजा होण्याचा मोठा धोका आहे हे माहीत असून अधिकारी गप्प बसले तर ते घटनेविरुद्ध आहे म्हणून. दोन्हीकडे अधिकाऱ्यांनी स्त्री की पुरुष एवढा एकच रकाना बघितला, माणूस कोण, त्याने काय केलंय, त्याला कुणापासून धोका आहे हे बघितलंच नाही.

आपल्याकडे केंद्रीय गृह मंत्रालयाने जानेवारी 2022 मध्ये राज्यांना पत्र पाठवलं, ट्रान्स कैद्यांसाठी वेगळी बराक, वेगळं संडास-बाथरूम करा पण त्यांना पूर्ण एकटं पाडू नका. चांगलंय, पण आर्थर रोडसारख्या खच्चून भरलेल्या जेलमध्ये ही जागा काढणार कुठून? आणि ट्रान्स कैदी एकच असेल तर वेगळी बराक म्हणजे एकांतवासच झाला की, तोही गुन्हा सिद्ध व्हायच्या आधी, कारण आपले बहुतेक कैदी कच्चे कैदी असतात. मला वाटतं जुना रेकॉर्ड हिंसेचा नसेल तर अशा ट्रान्स बाईला दिवसा बायकांसोबत कामाला, जेवायला जाऊ द्यावं, रात्रीची खोली तेवढी वेगळी ठेवावी. आणि झडती कुणी घ्यावी हे तिला गेटवरच विचारा, पुरुष शिपायाने कपडे उतरवून झाल्यावर नाही.