पॅलेट डायरी, आठवडा सहावा: ३२ रंगांवरून १६ वर

मी बनवत असलेल्या पिक्सेल गेममधली जंगलाची लेव्हल मागच्या वेळी दाखवली होती. त्यात एक लफडं होतं: हिरो झुडपासमोर उभा राहिला की दिसेनासाच व्हायचा. हिरो नारिंगी, झुडूप हिरवंगार, मग अडतंय कुठे? शेवटी स्क्रीनशॉट कृष्णधवल केला आणि कपाळावर हात मारला. दोघांचा करडा जवळपास एकच! रंग वेगळे, पण उजेड सारखा. पॅलेटमध्ये, म्हणजे गेमसाठी ठरवलेल्या रंगांच्या संचात, ३२ रंग हाताशी असल्यामुळे ही चूक इतके दिवस झाकली गेली.

म्हणून अर्धे रंग उडवले. आधी सोळाही जागा करड्याच्या पायऱ्यांनी भरल्या, स्प्राइट (हिरो, झुडूप अशी गेममधली छोटी चित्रं) त्यातच ओळखू येतात का ते पाहिलं, आणि मग एकेका पायरीला रंग दिला. इंडेक्स्ड मोडमध्ये (पिक्सेल रंग नाही, पॅलेटमधल्या चौकोनाचा नंबर साठवतो) काम असल्याने पॅलेटमधला एक चौकोन बदलला की सगळीकडचे पिक्सेल आपोआप बदलतात. चार संध्याकाळी यातच गेल्या.

सगळ्यात जास्त वेळ गवताने खाल्ला. माझी जुनी सावली म्हणजे तोच हिरवा, नुसता काळवंडलेला. गवतावर काजळी धरल्यासारखी दिसायची. आता मधला हिरवा ह्यू (रंगचक्रावरचा अंश) १२० वर, सावली १७० च्या आसपास निळसर, उजेडाची कड ७० वर पिवळसर. शेड तीनच, पण ऊन पडल्यासारखं वाटतं. शिवाय सावलीचा तो निळसर रंग पाण्याला आणि हिरोच्या पँटलाही चालला. १६ मध्ये भागवायचं तर प्रत्येक रंगाला दोन-तीन नोकऱ्या कराव्याच लागतात.

जुन्या गेम बनवणाऱ्यांना हे सक्तीनेच शिकावं लागलं. एनईएसवर (निन्टेंडोचा जुना गेम कन्सोल) बॅकग्राउंडच्या १६ बाय १६ पिक्सेलच्या तुकड्याला एकच चार रंगांचं पॅलेट, त्यातला एक रंग सगळ्यांत सामाईक. १९८५ च्या ‘सुपर मारियो ब्रदर्स’मधले ढग आणि झुडपं म्हणजे एकच चित्र, फक्त पॅलेट वेगळं. १९८९ च्या गेम बॉयला तर चारच शेड.

पुढे मर्यादा गेल्या, तेव्हा काय झालं? २००६ च्या ‘गिअर्स ऑफ वॉर’च्या आगेमागे बऱ्याच मोठ्या गेम्सनी धुळकट तपकिरी-करडा अंगाला फासला. उलट २००८ च्या ‘मिरर्स एज’मध्ये पांढरंशुभ्र शहर आणि वाट दाखवायला लाल. मला तोच लाल जास्त शिकवून गेला. २०१८ चा ‘ओब्रा डिन’ तर दोनच रंगांत, बाकी सगळं डिथरिंग, म्हणजे ठिपक्यांची दाटी कमी-जास्त करून भासवलेल्या मधल्या छटा.

सध्याच्या पिक्सेल गेम्समध्ये जांभळी सावली आणि गुलाबी आभाळ इतकं झालंय की स्क्रीनशॉट सख्ख्या भावंडांसारखे दिसतात. तयार पॅलेट वापरण्यात गैर काही नाही (माझे पहिले तीन प्रयोग तसलेच होते), पण निदान दोन-तीन रंग तरी आपल्या हाताने हलवावेत.

रात्रीची लेव्हल पॅलेट बदलूनच केली, नवीन टाइल (लेव्हल ज्यांनी जुळवतात तो चित्राचा चौकोन) एकही नाही. कंदिलाचा पिवळा मात्र बदलला नाही, त्यामुळे तो खरंच पेटल्यासारखा वाटतो.

राहिलेलं काम: लाल आणि हिरवी फळं. लाल-हिरव्यात फरक न कळणाऱ्या मित्राने खेळताना तीनदा विषारी फळ खाल्लं. आता विषारी फळाला काटे काढतोय. काटे बसवायला जागा ८ बाय ८ पिक्सेलची, त्यामुळे सध्या ते फळ कमी आणि साळिंदर जास्त दिसतंय.