बेडकाच्या त्वचेतून धातू आत जातो का, हे मोजायचे कसे?

बेडूक तोंडाने पाणी जवळजवळ पीतच नाही. ओल्या जमिनीवर बसून तो पोटाखालच्या पातळ त्वचेतून ते शोषून घेतो. सोडियमचे आयनही ही त्वचा ऊर्जा खर्चून आत ओढते, हे डेन्मार्कच्या हान्स उसिंग यांनी १९५१ मध्ये बेडकाच्या कातडीतून जाणारा विद्युतप्रवाह मोजून दाखवून दिले. मग बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरकडच्या भातखाचरांत कॅडमियम किंवा शिसे अत्यल्प प्रमाणात असेल, तर तेही याच वाटेने आत जाते का, हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो.

बेडकाच्या शरीरात धातू सापडला एवढ्यावरून उत्तर मिळत नाही, कारण तो त्वचेवरच्या बुळबुळीत स्रावाला नुसता चिकटलेला असू शकतो, आतड्यातल्या अन्नाबरोबर आलेला असू शकतो किंवा खरोखरच त्वचेतून रक्तात उतरलेला असू शकतो. भैकेर, म्हणजे बेडकाची पाण्यातली शेपटीवाली पिल्ले, तर तळाचा गाळ खरवडून खातात, त्यामुळे अख्ख्या भैकेरावर केलेली मोजणी त्वचेचा पुरावा म्हणून मी स्वीकारणार नाही. त्यापेक्षा प्रौढ बेडकाला काही काळ उपाशी ठेवावे, धातू असलेल्या पाण्यातून काढल्यावर वर चिकटलेला अंश ईडीटीए या धातूला पकडून ठेवणाऱ्या रसायनाच्या सौम्य द्रावणाने धुऊन टाकावा आणि मगच मोजावे. धातू भांड्याच्या भिंतीलाही चिकटतो; म्हणून तेच पाणी भरलेले, पण बेडूक नसलेले भांडे शेजारी हवेच. परवाना असलेल्या प्रयोगशाळेत जस्त-६५ किंवा कॅडमियम-१०९ हे त्या धातूंचे किरणोत्सारी प्रकार वापरले, तर गामा किरण मोजून बेडकाला न मारताच उत्तर मिळते, शिवाय आधीपासून अंगात असलेला धातू हिशेबात मिसळत नाही. ही पद्धत मला सर्वांत योग्य वाटते. भीमगड अभयारण्यातल्या बेडकांना मात्र वन खात्याच्या परवानगीशिवाय हात लावू नये.

आपल्या जिल्ह्यासाठी आणखी एक मोजणी मी अत्यावश्यक मानतो. कणकुंबी-जांबोटीकडे मुसळधार पावसाचे, जांभ्या दगडावरून वाहणारे मृदू पाणी असते. पूर्वेकडे सौंदत्तीच्या काळ्या मातीत पाऊस कमी आणि पाण्यात क्षार अधिक. पाण्यात कॅल्शियम भरपूर असेल तर कॅडमियमसारख्या आयनांना सजीवाच्या शरीरात शिरताना त्याच्याशी स्पर्धा करावी लागते, म्हणून धातूचे प्रमाण दोन्हीकडे सारखे आढळले तरी बेडकांना असलेला धोका सारखाच असेल असे नाही. धातूच्या आकड्याशेजारी कॅल्शियमचा आणि सामूचा (पाणी किती आम्ल आहे हे सांगणाऱ्या pH चा) आकडा नसलेली नोंद मी अपुरीच समजतो.