मंडळाच्या चार वह्या

रविवार, रात्री साडेदहा

आमच्या सोलापूरच्या टपाल तिकीट संग्राहक मंडळाचा इतिहास लिहून काढण्याचे काम गेल्या बैठकीत माझ्या गळ्यात पडले, म्हणून आज दुपारी मंडळाच्या चारही वह्या घेऊन बसलो. पहिली वही वाळवीने अर्धीअधिक खाल्ली आहे आणि उरलेल्या पानांवर हजर सभासद, चहाचा खर्च व ‘पुढील बैठक दुसऱ्या रविवारी’ यापलीकडे मजकूर नाही. कोणी काय आणले, कशावरून वाजले, कोण रुसून चार महिने फिरकले नाही, यातले काहीच कोणाला लिहावेसे वाटलेले दिसत नाही. चहाचा हिशेब मात्र पैशापैशाचा आहे.

खरे तर मंडळ उभे राहिले ते गिरण्यांच्या रद्दीवर. १८७७ साली सुरू झालेली जुनी गिरणी आणि तिच्यामागून आलेल्या गिरण्या, सुताच्या व रंगांच्या पेढ्या यांच्याकडे परदेशांतून येणारी पाकिटे शेवटी रद्दीवाल्याकडे किलोवर जात. आमचे पहिले चिटणीस अण्णा एका पेढीवर कारकून होते. ती पाकिटे ते शनिवारी पिशवीत भरून आणत. तिकिटे कोमट पाण्यात सोडायची, कागद आपणहून सुटेपर्यंत हात लावायचा नाही, मग चिमट्याने उचलायची, हा पहिला धडा. मे महिन्यात ती बघता बघता वाळून पापडासारखी वळत, तेव्हा टिपकागदात घालून वर चादरींच्या नमुन्यांचे जाड बाड ठेवायची अण्णांची पद्धत होती.

पुढे सोलापूरशी नाते असलेली तिकिटे जमवायचे ठरले आणि वादांना तोंड फुटले. आमचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तिथेच वारले. त्यांच्यावर चीनने १९८२ मध्ये दोन तिकिटे काढली, भारताचे तिकीट आले ते १९९३ मध्ये. मधली अकरा वर्षे ‘आपल्या माणसाचे तिकीट आपल्याच टपालखात्याला सुचत नाही’ हे गाऱ्हाणे बैठकीत नेमाने मांडले जाई. सोलापुरात जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद यांच्या २००४ च्या तिकिटावर वाद नव्हता, पण १९८० च्या माळढोक पक्ष्याच्या २ रुपये ३० पैशांच्या तिकिटावर अजून आहे. त्यावर सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळढोक अभयारण्याचा उल्लेख नाही, म्हणून ते सोलापूरचे नव्हे, असे एक पक्ष म्हणतो. मी दुसऱ्या पक्षातला आहे.

इतिहासात घालायलाच हवी अशी गोष्ट मात्र माझ्या मूर्खपणाची आहे. सातवीत असताना आजोबांच्या ट्रंकेत एक पाकीट सापडले. आजोबा बार्शीला असताना त्यांच्या भावाने सोलापुरातून पाठवलेले. त्यावर पंचम जॉर्जचे चॉकलेटी रंगाचे एक आण्याचे तिकीट होते. मी ते कापून भिजवले, स्वच्छ सोडवले, पाकीट चुलीत टाकले आणि मोठ्या ऐटीत बैठकीत नेले. अण्णांनी भिंग लावले. तिकिटावर गोल शिक्क्याचा जेमतेम पाव भाग उरला होता, त्यात ‘मे ३०’, म्हणजे १९३० चा मे, एवढेच वाचता येत होते. ‘पाकीट कुठंय रे?’ असे त्यांनी हळूच विचारले आणि मी सांगितल्यावर बराच वेळ कोणी बोलले नाही. १२ मे १९३० रोजी सोलापुरात मार्शल लॉ, म्हणजे लष्करी कायदा, पुकारला गेला होता. एक आण्याची तसली तिकिटे ढिगाने मिळतात. त्या महिन्यात शहरातून निघालेले, पत्त्यासकट आणि अख्ख्या शिक्क्यासकट टिकलेले पाकीट कुठून आणायचे?

त्या दिवसापासून दोघांनी पाहिल्याखेरीज कोणतेही पाकीट भिजवायचे नाही असा नियम झाला आणि मंडळाचे लक्ष तिकिटांवरून हळूहळू शिक्क्यांकडे वळले. आज मंडळात जे दोन-तीन संग्रह नाव घेण्यासारखे आहेत, ते शिक्क्यांचेच आहेत.

त्या बैठकीची नोंद संध्याकाळी दुसऱ्या वहीत सापडली: ‘हजर ११. चहा ११, बिस्किटे. एका पाकिटाविषयी चर्चा.’ त्याखाली मी पेन्सिलीने आजोबांचे नाव लिहिले, मग बार्शीचा पत्ता आठवेल तेवढा, आणि डाव्या कोपऱ्यात चुलतआजोबांच्या अक्षरात लिहिलेले ‘श्री’.