आठवीचा तास आणि कॉपी-पेस्ट

आज आठवीला ‘डिजिटल नागरिकत्व’ शिकवायचं होतं. पासवर्ड, ओटीपी पोरांना तोंडपाठ. पैसे घ्यायला यूपीआय पिन लागत नाही, हे तर त्यांनी मलाच ऐकवलं! मग ते सगळं गुंडाळलं आणि थेट राईनपाड्यावर आले.

धुळे जिल्हा, १ जुलै २०१८. मुलं पळवणारी टोळी फिरतेय अशा व्हॉट्सॲपवरच्या अफवा. मंगळवेढ्याकडून भिक्षा मागायला आलेल्या डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारलं. वर्ग चिडीचूप.

त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात फॉरवर्डवर एका वेळी पाच चॅटची मर्यादा आणली, हे सांगत होते, तोच मागच्या बाकावरून आवाज आला, “मॅडम, कॉपी-पेस्ट केलं तर?”

घ्या! खरंच की. फॉरवर्डचा बाणही उमटत नाही मग. आमच्या प्रशिक्षणात हा मुद्दा कुणी काढला नव्हता.

पुढे एकीने विचारलं, “पप्पाच असलं पाठवतात. ग्रुपवर सगळ्यांसमोर सांगू की घरी?” घरी सांग म्हटलं, तेही जेवण झाल्यावर.

पालकसभेत हाच तास घेऊ का, असं मुख्याध्यापकांना विचारलंय. “पंधरा मिनिटंच हं,” म्हणाले.