आमची वाटचाल: अंजनेरीच्या तळ्यापर्यंत

नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत नोकरी करत होतो तेव्हापासून रविवारी मित्रांना घेऊन डोंगरात जायचो. मग मित्रांच्या घरचे यायला लागले, मग सोसायटीतले, आणि एक दिवस मिसेस म्हणाली की गाडी, नाश्ता, फोनाफोनी सगळं तूच करतोस तर हे नीट व्यवसाय म्हणूनच कर ना. नोकरी सोडली, घरच्या पुढच्या खोलीत ऑफिस थाटलं, आणि ठरवलं की जे कधीच डोंगर चढले नाहीत त्यांनाच न्यायचं.

कारण नाशिकला ट्रेकर्सची कमी नाहीच, हरिहर किल्ल्याच्या पायऱ्यांवर पावसाळ्यात शनिवार-रविवारी पाय ठेवायला जागा नसते. पण साठीच्या काकूंना, शुगरवाल्या काकांना, पहिलीतल्या पोराला घेऊन आरामात कोण जाणार? ते काम आम्ही घेतलं. ग्रुप वीसच्या वर नाही, पुढे एक माणूस मागे एक माणूस, आणि सगळ्यात हळू चालणाऱ्याचा स्पीड तोच सगळ्या ग्रुपचा स्पीड, ह्यावर आजपर्यंत तडजोड केली नाही. सुरुवातीला हिशोब बसत नव्हता, लोक म्हणायचे बस भर, पन्नास ने, पण पन्नास लोकांना डोंगर दाखवता येत नाही, फक्त मोजता येतं.

आमचा पहिला आणि आजही सगळ्यात लाडका वॉक म्हणजे अंजनेरीचा डोंगर. नाशिकहून त्र्यंबक रोडने वीसेक किलोमीटर, उंची साधारण १३०० मीटर, पण गावातून वर फॉरेस्टच्या चौकीपर्यंत गाडी जाते म्हणून चढ बराच वाचतो. तिथून नवरा-नवरीचे सुळके बघत निघायचं, मग घळीतल्या पायऱ्या, वाटेत जैन लेणं, आणि पायऱ्या संपल्या की एकदम मोकळं पठार. अंजनीमातेचं मंदिर आणि पुढे तळं. तळ्याचा आकार पावलासारखा, हनुमंताचा पाय उमटला असं लोक सांगतात. आम्ही तिथे तासभर थांबतोच, मग ज्यांच्यात दम आहे ते वरच्या टोकाला जातात, पश्चिमेला ब्रह्मगिरी, त्यामागे हरिहर, खाली वैतरणा धरणाचं पाणी, दुसऱ्या बाजूला गंगापूर धरण, हवा स्वच्छ असली तर लांब कळसूबाईपण दिसतं.

एकदा एक काकू आल्या होत्या, तीस वर्षं गच्चीतून हाच डोंगर बघत कपडे वाळत घातलेत म्हणाल्या. पायऱ्यांवर दर दहा-बारा पावलांनी बसायच्या, गुडघ्यावर हात, पदर कमरेला खोचलेला, आणि आमचा मुलगा पाण्याची बाटली घेऊन शेजारी. टोकाला पोचल्यावर ढग फाटले, त्यांनी आधी गंगापूरचं पाणी शोधलं, मग बोटाने त्र्यंबक रोड, मग सातपूर, आणि "आमचं घर तिकडंच कुठंतरी असणार" म्हणत कितीतरी वेळ तिथून हलल्याच नाहीत. नंतर त्यांनीच त्यांचं अख्खं भजनी मंडळ आणलं!

२०२० ला सगळं बंद पडलं, गाडीचे हप्ते मात्र चालू. तेव्हा अंजनेरी गावातल्या ज्या ताई आमच्यासाठी नागलीची भाकरी, पिठलं, ठेचा करतात त्यांच्याकडून नागलीचं पीठ, पापड घेऊन नाशिकात घरपोच दिलं, त्यावर दोघांचंही निभावलं. जेवण आजही त्यांच्याच ओसरीवर, आणि वाटाड्या पण गावातलाच पोरगा, त्याला कड्यावर गिधाडं कुठे बसतात ते न बघता सांगता येतं.

२०१७ पासून अंजनेरी राखीव संवर्धन क्षेत्र आहे. सेरोपेजिया अंजनेरिका नावाचं कंदीलपुष्प ह्या डोंगराच्या नावानेच ओळखलं जातं, पावसाळ्यात गवतात इतकं बारीक उगवतं की न बघता चाललं तर पायाखालीच जाईल. म्हणून पाऊलवाट सोडायची नाही, स्पीकर नाही, प्लास्टिक खाली आणायचं, हे बुकिंगच्या वेळीच सांगतो, पटलं नाही तर पैसे परत.

आता बुधवारची बॅच चालू करतोय, खास रिटायर्ड मंडळींसाठी, गर्दी नसते आणि तळ्याकाठी निवांत बसायला मिळतं. सकाळी सहाला एबीबी सर्कलवरून गाडी निघेल, गुडघ्याचा पट्टा असेल तर घालून या, काठी आम्ही देतो.