पिवळ्या पाटीच्या इकोला सीएनजी: किटपासून आरसीवरच्या नोंदीपर्यंत

माझी मारुती इको पिवळ्या पाटीची, म्हणजे भाड्यानं चालवायच्या परमिटची आहे. आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावाकडून सेवाग्रामच्या आणि सावंगीच्या दवाखान्यांत पेशंट नेणं-आणणं हा माझा मुख्य धंदा. लग्नसराईत वरातीची भाडी मिळतात, पण वर्षभर घर चालतं ते डायलिसिस, केमो आणि बाळंतपणाच्या फेऱ्यांवर. पेट्रोल नसलं तर माझं एक भाडं जातं, पण समोरच्याचा डायलिसिसचा वार चुकतो. तो चुकवून चालत नाही.

2024 च्या जानेवारीत हे आम्ही भोगलं. नव्या भारतीय न्याय संहितेत अपघातात माणूस मेल्यावर खबर न देता पळून जाणाऱ्याला 10 वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद आली, तिच्या विरोधात ट्रकचालकांनी 1 जानेवारीपासून गाड्या उभ्या केल्या. त्यात पेट्रोलचे टँकरही आले. लोकांनी धास्तीनं टाक्या भरून घेतल्या आणि दुसऱ्या दिवशी आमच्या रस्त्यावरच्या पंपांना दोऱ्या लागल्या. 2 तारखेच्या रात्री दिल्लीत बोलणी होऊन संप मिटला, पण आमच्याकडे टँकर पोहोचेपर्यंत हाल व्हायचे ते झालेच. आमच्या गल्लीतल्या एक काकू आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जातात. संध्याकाळी त्या स्वतः काठी टेकत माझ्या घरी आल्या. "पोरा, उद्या नेशीन ना मले?" एवढंच विचारलं. शेजारच्या पोरांनी आपापल्या मोटरसायकलींतून नळीनं पेट्रोल काढून दिलं, तेव्हा कुठं सकाळी गाडी निघाली. एकाच इंधनावर हा धंदा ठेवायचा नाही, हे मी तेव्हाच ठरवलं.

सीएनजीचा विचार आधीही मनात होता. पण 2022 च्या मार्चमध्ये नागपुरात सीएनजी 120 रुपये किलोवर गेला होता, देशात सगळ्यात महाग. आपल्याकडे पाइपलाइनचा गॅस नव्हता, गुजरातेतून टँकरनं द्रवरूप गॅस आणून त्याचा सीएनजी करायचे, म्हणून हा भाव. नंतर दर उतरले, वर्ध्याकडे जाताना वाटेत पंपही झाला, तेव्हा हिशेब जुळायला लागला. बॅटरीच्या गाडीचीही चौकशी केली होती. पण माझ्या इकोचे हप्ते चालू होते आणि गावातली लाइट कधी जाईल याचा भरवसा नाही. रात्री-अपरात्री बाळंतिणीला न्यायचं तर गाडी कायम तयार लागते.

घरगुती सिलिंडरबद्दल इथं स्पष्ट लिहितो, कारण हा सल्ला मला सगळ्यात जास्त लोकांनी दिला. लाल सिलिंडरमधला 14.2 किलो गॅस (एलपीजी) मोटर लावून गाडीत ओढायचा, स्वस्तात काम होतं, असं सांगतात. आपल्या खेड्यांत हे चालतं, सगळ्यांना माहीत आहे. हा जीवनावश्यक वस्तू कायद्याखालचा गुन्हा आहे, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे गाडीच्या एलपीजी टाकीला 80 टक्क्यांवर भरणं थांबवणारा व्हॉल्व्ह लागतो, बाकीची जागा गॅस फुगायला मोकळी ठेवायची असते. मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळिशी ओलांडतो. असल्या उन्हात वाट्टेल तशी भरलेली टाकी मागे ठेवून पुढे पेशंट बसवायचा? माझ्याच्यानं ते कधीच होणार नाही.

आता किटकडे येतो, म्हणजे पेट्रोलची गाडी सीएनजीवर चालवायला बसवतात त्या सामानाकडे. जवळच्या शहरातल्या एका बसवणाऱ्याकडे आधी गेलो. भाव चांगला सांगितला. आरसीवरच्या, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदावरच्या, नोंदीचं विचारलं तर म्हणाला, "भाऊ, कागदाचं काय घेऊन बसले? आधी बसवून घ्या, मंग पाहू." मी किटच्या मंजुरीचं प्रमाणपत्र मागितलं. त्यानं मोबाइलवर एक फोटो दाखवला, त्यावरची मुदत उलटून गेली होती. तिथून मी सरळ उठलो. किट बनवणाऱ्या कंपनीला पुण्याच्या एआरएआयसारख्या तपासणी संस्थेकडून मंजुरी घ्यावी लागते, ती तीन वर्षांची असते, आणि कोणत्या इंजिनांना ते किट चालतं हेही त्यात लिहिलेलं असतं. माझ्या इकोचं इंजिन 1196 सीसीचं. ते त्या यादीत बसतं का, हे पैसे मोजण्याआधी डोळ्यांनी वाचायचं. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे गाडीतल्या अशा बदलाची खबर 14 दिवसांच्या आत परिवहन कार्यालयाला द्यावी लागते, आणि नियम सोडून बदल केला तर मालकाला 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. माझ्यासारख्या परमिटवाल्याची तर फिटनेसही, म्हणजे गाडी चालवायला योग्य असल्याचा दाखलाही, अडते.

शेवटी नागपुरातल्या एका अधिकृत बसवणाऱ्याकडे काम दिलं. टाकीसकट पन्नास हजारांच्या पुढे खर्च गेला. गाडीवर कर्ज होतं म्हणून बँकेचं ना-हरकत पत्र आधी काढलं. आरसीवरच्या नोंदीचा ऑनलाइन अर्ज भरताना ओटीपी माझ्या बंद पडलेल्या नंबरवर जात होता. म्हणून अर्जाच्या आधी आरसीला जोडलेला मोबाइल नंबर बदलून घ्या, नाहीतर पुढं काहीच सरकत नाही.

टाकीबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण लोक इथंच गोंधळतात. माझी टाकी 60 लिटरची, पण हे पाण्याचं माप आहे. त्यात गॅस नऊ-दहा किलोच बसतो, 200 बार दाबानं. टाकी पेसो या केंद्राच्या संस्थेच्या मंजुरीची लागते. देशभरातल्या सिलिंडरांच्या सुरक्षेचं काम पाहणाऱ्या या संस्थेचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे, हे आमच्या कितीतरी गाडीवाल्यांना ठाऊक नाही. टाकीची दर तीन वर्षांनी पाण्याच्या दाबानं चाचणी करावी लागते. म्हणून घेतानाच तिच्यावर कोरलेली तारीख पाहिली, दुकानात पडून राहिलेली टाकी घेतली नाही.

किट बसल्यावर पावती, बसवल्याचं प्रमाणपत्र, टाकीचं चाचणी प्रमाणपत्र आणि पीयूसी असा सगळा गठ्ठा घेऊन वर्ध्याच्या परिवहन कार्यालयात गाडी नेली. तपासणीला आलेल्या निरीक्षक मॅडमनी घाई केली नाही. मागचं दार उघडून, टॉर्च धरून, टाकीच्या मानेवर कोरलेला नंबर वाचायला लागल्या. रंगाखाली तो नीट दिसत नव्हता. त्यांनी खिशातला खडू काढून त्यावरून फिरवला, बोटानं पुसला, तसा एकेक आकडा पांढरा उमटला. प्रमाणपत्रावर 3 होता तिथं टाकीवर 8. "दादा, हा कागद दुरुस्त करून आणा, मग लगेच करते," म्हणाल्या. पुन्हा नागपूरची वारी करावी लागली, एक दिवसाचा धंदा बुडाला, तरी मला त्याचा राग आला नाही. उद्या टाकी फुटली आणि विमा कंपनीनं नंबर जुळत नाही म्हणून हात वर केले, तर त्या एका आकड्यापायी घर विकायची पाळी येईल. बसवणाऱ्याच्या दुकानातून गाडी काढण्याआधी हा आकडा खडूनं स्वतः जुळवून घ्या.

दुरुस्त कागद दिल्यावर साबणाच्या पाण्यानं जोड तपासले, बुडबुडा कुठंच आला नाही, आणि काही दिवसांनी आरसीवर इंधनाच्या रकान्यात पेट्रोल/सीएनजी आलं. ती प्रत घेऊन विम्यात नोंद केली. स्वतःच्या नुकसानीच्या भागात किटच्या किमतीच्या 4 टक्के आणि थर्ड पार्टीत 60 रुपये वाढले. एवढ्याशा पैशासाठी लोक ही नोंद टाळतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

रोजच्या वापरात काय फरक पडला तेही सांगतो. गाडी सुरू पेट्रोलवरच होते, इंजिन तापलं की गॅसवर जाते. म्हणून टाकीत पाव भाग तरी पेट्रोल कायम ठेवतो, नाहीतर पेट्रोलचा पंप कोरडा चालून जळतो. डिकी गेली. पेशंटची व्हीलचेअर आता वर कॅरियरला बांधतो, पावसात वर ताडपत्री. गॅस भरताना सगळ्यांना खाली उतरावं लागतं, आणि ऑपरेशन झालेल्या माणसाला हे अवघड जातं. त्यामुळे मी पेशंट बसवायच्या आधीच गॅस भरून येतो, मग रांग कितीही असो. भरणारा पोरगा आधी व्हॉल्व्हजवळची पत्र्याची पाटी वाचतो. गाडीचा नंबर, टाकीचा नंबर आणि पुढच्या चाचणीची तारीख तिच्यावर आहे. तारीख उलटली तर तो नळी लावत नाही.

पण सीएनजी घेतला की टंचाईतून सुटलो, असं कोणी समजू नये. आमच्या बाजूच्या पंपांवर गॅस पाइपनं येत नाही, मोठ्या स्टेशनवरून सिलिंडरांच्या ट्रकनं येतो. ट्रक संपत आला की दाब उतरतो आणि नऊ किलोच्या जागी पाच-सहा किलोच भरतो. ट्रकवाले संपावर बसले तर पेट्रोलच्या टँकरसारखा हाही थांबणार. माझा फायदा एवढाच की दोन इंधनं आहेत. एक आटलं तर दुसऱ्यावर सेवाग्रामची एक फेरी नक्की होते, आणि काकूंना आता आदल्या संध्याकाळी विचारायला यावं लागत नाही. समृद्धी महामार्गाच्या कडेनं 'गेल' या सरकारी गॅस कंपनीची पाइपलाइन आली आहे. तिचा गॅस खेड्यांच्या पंपांपर्यंत आला तर खरी गोष्ट.

तोवर एक काम व्हायला हवं. लायसनची शिबिरं तालुक्याला भरतात, तशी किटच्या नोंदीची तपासणीही तालुक्याला व्हावी. एका तपासणीसाठी दिवसभराचं भाडं सोडून जिल्ह्याला जावं लागतं, म्हणून कितीतरी जण चोरून किट बसवतात आणि तसेच पेशंट वाहतात. आम्ही गाडीवाल्यांनी मिळून असा अर्ज लिहिला आहे. आमच्या स्टँडवर सह्या चालू आहेत, ज्याची पिवळी पाटी आहे त्यानं येऊन करावी.