सतरा सप्टेंबरची अट

६ ऑगस्ट २०२५, बुधवार. रात्री साडेअकरा

पंचवीसचे पन्नास झाले. अमेरिकेत आपल्या मालावर उद्यापासून २५ टक्के जादा टॅरिफ लागणार, हे आठवडाभर पचवत होतो. संध्याकाळी बातमी आली की रशियाच्या तेलापायी आणखी २५. हे दुसरे २५ एकवीस दिवसांनी लागू, म्हणजे २७ ऑगस्टला. कॅलेंडर काढून बघितलं तर त्या दिवशी गणेश चतुर्थी.

आमचा कारखाना अमेरिकेतल्या खरेदीदारासाठी शर्ट शिवतो. त्याचा हिशेब साधा आहे. पुरुषांच्या सुती शर्टावर अमेरिकेत मुळातच १९.७ टक्के ड्युटी आहे. वर ५० चढले की ६९.७. बांगलादेश आणि व्हिएतनामला जादाचे २० आहेत. एवढ्या फरकात तोच शर्ट आमच्याकडे, सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत, कोण शिवून घेईल, याला शाळेतलं गणितही पुरे.

निर्यातवाल्यांच्या ग्रुपवर रात्रभर एकच सूर चाललाय: २७ च्या आत माल बोटीवर चढवा, सुटलात. मी अमेरिकेचा मूळ आदेश उघडून बसले. त्यात सूट आहे खरी, पण अटी दोन आहेत. माल २७ ऑगस्टच्या आधी जहाजावर चढलेला हवा, आणि १७ सप्टेंबरच्या आधी अमेरिकेत त्याची कस्टम्स एंट्री झालेली हवी. पहिली अट सगळ्यांनी वाचली. दुसऱ्या अटीपर्यंत बहुतेकांचा स्क्रोल गेलाच नसावा.

न्हावा शेवाहून न्यूयॉर्कला बोट पोचायला हल्ली महिना-सव्वा महिना लागतो. २०२३ च्या अखेरीपासून लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, तेव्हापासून बहुतेक जहाज कंपन्या सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालतात. म्हणजे २६ ऑगस्टला चढलेला माल सप्टेंबरच्या अखेरीस उतरणार. सूट मिळणार ती आज-उद्या बोटीवर असलेल्या मालाला. आमचे शर्ट बोटीवर नाहीत, पेटीतही नाहीत. त्यांना अजून बटणंच लागलेली नाहीत.

७ ऑगस्ट, गुरुवार

बटणांबद्दल आज लिहायलाच हवं.

अठरा लाइनचं (लाइन हे बटणाच्या आकाराचं माप), चार भोकांचं, राखाडी-निळं बटण. कडेला बारीक अक्षरात खरेदीदाराचा ब्रँड कोरलेला. ते आम्ही निवडलेलं नाही. सूत कुठलं, लेबल कुणाचं, बटण कुणाकडून घ्यायचं, सगळं खरेदीदार ठरवून देतो. त्याला आम्ही नॉमिनेटेड सप्लायर म्हणतो. बटणवाला चीनमधला. आम्ही फक्त पैसे भरायचे आणि आयात करायची. माझ्या कार्डावर आयात-निर्यात असं दोन्ही लिहिलंय ते यासाठी. एका शर्टाच्या निर्यातीत तीन-चार बारक्या आयाती गुंतलेल्या असतात, आणि सगळ्यांत हलकी वस्तू सगळ्यांत जास्त रखडवते.

तर ही बटणं मुंबई विमानतळावर, सहारच्या एअर कार्गोत पडून आहेत. पुरवठादाराने इन्व्हॉइसवर एक वजन लिहिलं, पॅकिंग लिस्टवर दुसरं. कस्टम्सने क्वेरी टाकली. आमचा सीएचए, म्हणजे कस्टम्सची कामं करणारा एजंट, म्हणतो, "मॅडम, तिकडून सुधारित कागद आला की तासाभराचं काम आहे." तिकडून म्हणजे चीनमधून. तिथल्या मुलीला सकाळपासून मेल, मेसेज, फोन सगळं करून झालं. दुपारी उत्तर आलं: उद्या देते.

इकडे फिनिशिंगला काज झालेले शर्ट हँगरवर ओळीने लटकलेत. मास्तरांनी एक उचलून दाखवला. सगळं जागच्या जागी, कॉलरची टोकं आरशात धरल्यासारखी सारखी, आणि मधली पट्टी उघडी. नऊ हजार नग.

साहेब म्हणाले, "बोटीनंच पाठवा. २७ च्या आत चढतंय की." १७ सप्टेंबरची ओळ प्रिंट काढून त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी दोनदा वाचली, चष्मा काढला, आणि विचारलं, "मग विमान?"

विमान म्हटलं की पहिला प्रश्न, भाडं कुणाचं. बोटीच्या कितीतरी पट जातं. आणि या धंद्याचा अलिखित नियम असा की माल उशिरा झाला की विमानाचं भाडं कारखान्याच्या गळ्यात. उशीर कुणामुळे झाला हे कुणी विचारत नाही. विचारलंच तर ज्याच्याकडे तारखेसकट मेल आहे त्याचं ऐकतात. म्हणून माझी सवय आहे, फोनवर काहीही ठरलं की त्याच दिवशी दोन ओळींचा मेल टाकायचा. ऑफिसातली पोरं हसतात. "मॅडम चहा झाला तरी मेल टाकतील." टाकते.

आज त्याच मेल काढून बसले. बटणाचा रंग मंजूर करायला खरेदीदाराने जूनमध्ये तीन आठवडे घेतले. तेव्हाच मी लिहून ठेवलंय की मंजुरी अमुक तारखेपर्यंत आली नाही तर माल द्यायची तारीख पुढे जाईल, आणि त्यावर त्यांच्या मर्चंडायझरचं उत्तर आहे: समजलं. हा एकच शब्द आज लाखमोलाचा.

९ ऑगस्ट, शनिवार. राखी पौर्णिमा

कागद काल आला, क्वेरी सुटली, आणि बटणं रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या डिकीतून सांगलीला निघाली. परदेशातून विमानाने आलेला माल शेवटचा टप्पा असाच येतो, कुणाच्या तरी आंब्याच्या जुन्या पेटीशेजारी. पहाटे विश्रामबागला आमच्या माणसाने दोन खोकी उतरवून घेतली. आधी नमुन्याला लावून ओढून बघायची चाचणी, पुल टेस्ट: बटण चिमट्यात धरून ठरलेल्या जोराने ओढायचं, निघता कामा नये. मग सगळ्या शर्टांना बटणं लावणं सुरू. फिनिशिंगच्या मावश्या राखी बांधून, जेवून दुपारी आल्या. ओव्हरटाइमचे पैसे आज रोख द्या, असं मी साहेबांना आधीच सांगून ठेवलं होतं. दिले.

तासगावहून दादा आला. त्याची द्राक्षं युरोपला जातात, त्यामुळे घरात एक्स्पोर्टचा खरा माणूस तो. मी आपली कपड्यावाली. ताटावर बसल्या बसल्या त्याचा पहिला प्रश्न, "पन्नास टक्के तुमाला भरायला लागणार म्हणं?"

हे सध्या सगळे विचारतात, म्हणून त्याला सांगितलं ते इथेही लिहिते. टॅरिफ आम्ही भरत नाही. माल एफओबी विकला की न्हावा शेवाला बोटीवर चढेपर्यंत खर्च आणि जोखीम आमची, पुढची खरेदीदाराची. अमेरिकेत ड्युटी भरतो तो तिथला आयातदार. कायद्याने आमचा संबंध नाही. पण तो भरतो आणि लगेच मेल करतो, तुमच्या दरात एवढी सूट द्या. नाही दिली तर पुढची ऑर्डर ढाक्याला. भरणारा तो, सोसणारे दोघं, आणि किती कुणी सोसायचं ते कुणाला ऑर्डरची जास्त गरज आहे त्यावर.

दादा म्हणाला, "आमचं बरं हाय मग. आमचा माल औषधाचा अंश सापडला तरच परत येतो." खरं आहे. त्याची द्राक्षं प्रयोगशाळेत कीटकनाशकांसाठी तपासतात, माझं कापड अॅझो रंगांसाठी. युरोपात त्या रंगांतून सुटणाऱ्या घातक अमाइन्सना किलोला ३० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. सांगली जिल्ह्यातून बाहेर जाणारं काहीही असो, रिपोर्टशिवाय हलत नाही. पण त्याच्या द्राक्षाला बटण लागत नाही एवढं सुख.

वहिनीला अजून वाटतं मी रॅम्पवरच्या मुलींबरोबर वावरते. तिला काय सांगू, गेल्या महिन्यात मी सगळ्यांत जास्त वेळ बघितलेली गोष्ट म्हणजे पॉलिबॅगवरची गुदमरण्याची सूचना. अमुक आकाराच्या पिशवीवर अमुक उंचीची अक्षरं. माझे स्वतःचे कुर्ते हरभट रोडवरून येतात, तेही घाईत.

१२ ऑगस्ट, मंगळवार

खरेदीदाराशी काल रात्री बोलणं झालं. आमची रात्र म्हणजे त्यांची सकाळ. त्यांच्या आवाजात कॉफी असते, आमच्या आवाजात दिवस.

मी जूनची मेल समोर ठेवली, बटणवाल्याची क्वेरी ठेवली, आणि म्हटलं नॉमिनेशन तुमचं, मंजुरी तुमची, उशीर तुमचा. विमानाने जे शर्ट जातील त्यांचं भाडं तुमचं. बराच वेळ म्यूट. मग ठरलं: तीन हजार शर्ट विमानाने, भाडं त्यांचं, २५ ऑगस्टच्या आत तिकडे उतरवायचे, म्हणजे त्यांना १९.७ वर फक्त पहिले २५ लागतील. उरलेले सहा हजार बोटीने, जी ड्युटी लागेल ती लागेल. सहा हजारांबद्दल "पुढे बोलू" म्हणाले. पुढे बोलू म्हणजे सूट मागणार. मी त्याचाही मेल टाकला.

साहेब खूश. मला मात्र हे जिंकल्यासारखं वाटत नाही. उशीर त्यांचा असताना त्यांनी भाडं भरावं, यासाठी रात्री पुरावे घेऊन बसावं लागतं हेच विचित्र आहे.

१६ ऑगस्ट, शनिवार

तीन हजार गेले. मुंबईत ड्रायव्हरने पेट्या उतरवताना पावसात एक भिजली, सीएचएने बदलून घेतली. बाकी काही नाही.

इंग्लंडचा एक मेल. २४ जुलैला भारत-ब्रिटन करारावर सह्या झाल्या, तेव्हापासून तिकडच्या छोट्या खरेदीदारांना घाई झालीय. तयार कपड्यांवर तिथे १२ टक्क्यांपर्यंत ड्युटी लागते, बांगलादेशला शून्य. करार अमलात आला की आपणही शून्यावर. पण सही म्हणजे अंमल नव्हे, अजून दोन्हीकडची मंजुरी बाकी आहे. त्यांना हे लिहिलं तर उलट प्रश्न: "मग ऑर्डर थांबवू का?" नका थांबवू, कपडे उन्हाळ्यासाठी आहेत, उन्हाळा संसदेची वाट बघत नाही. हे इतक्या मोकळेपणाने लिहिलं नाही अर्थात.

१९ ऑगस्ट, मंगळवार

विट्याला जायचं होतं, रद्द केलं. पावसाने रस्ते धड नाहीत, कोयनेतून पाणी सोडलंय, आणि सगळ्यांच्या फोनवर सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी. ४० फूट इशारा, ४५ धोका, हे इथल्या पोरांना पाढ्यांसारखं पाठ असतं. २०१९ ला ५७ च्या वर गेलं होतं. तेव्हा महामार्ग बंद पडून माल दिवसेंदिवस अडकलेला, आणि परदेशात पूर कुणाला कळत नाही. त्यांना फक्त शिपमेंट डेट कळते. कुपवाड उंचावर आहे, कारखान्यात पाणी येत नाही. पण निम्म्या मावश्या गावभागातल्या. पातळी वाढली की त्यांचं चित्त घराकडे, आणि ते बरोबरच आहे.

विट्याच्या यंत्रमागवाल्यांशी फोनवरच बोलले. पुढच्या हंगामाचं ग्रे, म्हणजे मागावरून उतरलेलं कोरं कापड बघायचं होतं. तिथे गेलं की मला आवडतं ते पिक ग्लास, म्हणजे धागे मोजायचं भिंग, कापडावर ठेवून आडवे धागे मोजणं; भिंगाखाली कापड शेतासारखं दिसतं, आणि एक धागा कमी असला की तिथल्या जॉबरला, म्हणजे माग सांभाळणाऱ्या माणसाला, माझ्याआधी दिसतो. फोनवर हे होत नाही. फोनवर फक्त भाव होतो.

आजच केंद्राने कापसावरची ११ टक्के आयात ड्युटी ३० सप्टेंबरपर्यंत काढली. मागवाला म्हणाला, "सूत उतरंल की जरा." उतरेल कदाचित. पण सहा आठवड्यांसाठी परदेशातून कापूस मागवायचा तर तो बोटीने येणार, आणि बोटीचं गणित मी वर लिहिलंच आहे. शिवाय नवा कापूस निघायच्या तोंडावर हे झालंय, विदर्भातल्या शेतकऱ्याला काय वाटलं असेल? माझ्या खुर्चीतून स्वस्त सूत चांगलं. दादाच्या बांधावरून बघितलं तर हीच बातमी वेगळी दिसते. दोन्ही एकाच घरात असल्यामुळे मी यावर ग्रुपवर काही लिहिलं नाही.

२६ ऑगस्ट, मंगळवार. हरतालिका

सहा हजार शर्टांचा कंटेनर भरून, ई-सील लावून न्हावा शेवाला गेला. बोट पुढच्या आठवड्यातली. दुसरे २५ टक्के उद्या सकाळी साडेनऊला आपल्या घड्याळाप्रमाणे सुरू होतात. तेव्हा आमच्या गल्लीत मूर्ती येत असतील. शिपिंग बिल, म्हणजे कस्टम्सला द्यायचा निर्यातीचा कागद, मी स्वतः ओळ न् ओळ तपासलं. ड्रॉबॅक आणि आरओएससीटीएल या सरकारी योजनांतून भरलेल्या ड्युटी-करांचा परतावा त्यावरच मिळतो, आणि यंदा नफा म्हणून उरलंच तर तेवढंच उरणार आहे.

अपेक्षित मेल दुपारी आला. सहा हजारांवर बारा टक्के सूट. सोबत छान भाषेत दीर्घकालीन संबंधांचा एक परिच्छेद.

साहेब देऊन टाका म्हणण्याच्या बेतात होते. मी कॉस्टिंग शीट उघडली: कापड, ट्रिम्स (बटणं, लेबलं वगैरे), शिलाई, वीज, भाडं. बारा टक्के दिले तर शर्टामागे आम्ही खिशातून पैसे घालतो, आणि तो आकडा पुढच्या ऑर्डरचा मूळ भाव होऊन बसतो. एकदा उतरलेला दर वर चढलेला मी या धंद्यात पाहिला नाही. म्हणून उत्तर लिहिलं: सूट दोन टक्के, ती फक्त याच मालावर, वेगळी क्रेडिट नोट काढून; मूळ दर तोच. आणि पुढच्या हंगामात बटण आम्ही इथून सुचवू, मंजुरी सात दिवसांत द्यावी.

उपास आहे, त्यामुळे डोकं थोडं जास्तच चालत असावं. संध्याकाळी सारण परतत असताना उत्तर आलं. बटण मान्य. सूट सहा टक्के.

साहेबांना फोन लावला. मागे ढोलाचा सराव चालला होता, त्यांना ओरडून सांगावं लागलं. ते म्हणाले, "तीनवर आणा, मग मेल टाका."